भर दुपारचा लसणाचा वास

गॅस गळतोय म्हणून बोलावलेला माणूस दारात उभा राहिला की बडोद्यातलं घर त्याला पहिली गोष्ट कोणती विचारत असेल? "बेसो भाई, चा मूकुं?" म्हणजे, बसा, चहा ठेवते. आणि बाई खरोखर लायटर हातात घेऊन ओट्याकडे वळलेली असते! मी घाबरून "ना बेन, ना!" असं ओरडलो की तिला वाटायचं, बिचारा संकोच करतोय. मग ती आणखीच आग्रह करायची. साऱ्या नोकरीत मी साहेबांना भ्यालो नाही इतका या एका वाक्याला भ्यालो. आमच्या गावच्या पाहुणचारानं माझा जीव घेतला नाही, हे माझं नशीबच म्हणायचं.

माझं काम पाइपच्या गॅसच्या गळतीच्या तक्रारी बघायचं. आमच्याकडे नळाच्या पाण्यासारखा गॅस घरोघरी येतो, आणि आम्हांला त्याचं काही वाटत नाही. आता बाहेरच्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. एक, गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर माणसाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. कुणाला तो कुजलेल्या कोबीचा वाटतो, पुष्कळांना लसणाचा. दुसरी गोष्ट, सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीवर पसरून बसतो. आमचा पाइपचा गॅस हलका, तो वर चढतो. त्यामुळे गळती एकाच्या घरात असते आणि तक्रार करतो त्याच्या डोक्यावरचा.

आणखी एक सवय या धंद्यानं लावली. मी कुणाच्या दाराची बेल वाजवत नाही. आत गॅस साठला असेल तर बेलच्या बटणाची एवढीशी ठिणगी पुरे. मी दार ठोठावतो. सासुरवाडीलाही मी ठोठावतच जायचो. माझी बायको सुमन अजून सांगते, "माझ्या आईला वाटायचं, जावई भांडायला आलाय."

आमचं गाव उन्हाचं आणि स्वस्ताईचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिपाई म्हणून इथे आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून आम्ही भाव गुजरातीत करतो आणि भांडतो मराठीत. संध्याकाळी लॉरीवर, म्हणजे हातगाडीवर, सेव-उसळ खाऊन कुटुंबाचं पोट भरतं, आणि पगार लहान असला तरी माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसू शकतो. दुपारी मात्र सगळं गाव पडदे ओढून आडवं होतं. लहरीपुऱ्याच्या बाजारातले दुकानदारदेखील शटर अर्धं खाली घेतात आणि गल्ल्यापाशीच पेंगतात. त्या वेळी कुणाच्या दारावर थाप मारणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच.

या सुखी गावात मी आयुष्यभर काळजी करत हिंडलो. लोक ज्या भिंती बघून म्हणायचे, वा, काय छान ऊन येतं, त्या भिंतीवरचे पाइप मला दिसायचे. गॅसच्या पाइपला काय काय बांधलेलं मी पाहिलं! कपड्यांची दोरी, मनीप्लांटचा वेल, ओल्या गोधड्या. एका गृहस्थांनी तर पोपटाचा पिंजरा टांगला होता. मी रागावलो तर म्हणाले, "एटलो मजबूत पाइप छे, एक पोपटथी शुं थाय?" उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी सारं गाव गच्चीवर चढतं आणि आकाशाकडे बघतं. मी मात्र खाली उभा राहून बघायचो, अडकलेला पतंग काढायला कुणी पाइप धरून चढतंय का.

आणि मग आली बाल्कन्या बंद करायची साथ. मुंबई-पुण्याकडून, खानदेशातून माणसं इकडे येऊ लागली. कुणी वाघोडियाच्या कारखान्यात, कुणी सावली गावच्या. एवढ्याशा भाड्यात एवढी बाल्कनी, म्हणून हरखून जायची. घरमालकही हुशार. त्यांनी बाल्कनीला काचा लावल्या, ओटा तिथे सरकवला, आणि भिंतीवरून जाणारा पाइप दिसायला वाईट म्हणून त्याला प्लायवूडची पेटी ठोकून टाकली. पूर्वी गळालेला गॅस वाऱ्यावर उडून जायचा. आता तो घरात कोंडला जाऊ लागला. मी सांगून सांगून थकलो. लोक म्हणायचे, "काका, फर्निचर केटलुं सरस लागे छे, ते तो जुओ!"

अशातच माझं नाक गेलं. करोनाच्या तापातून मी उठलो, चालायला-फिरायला लागलो, पण वास परतला नाही. सुमननं पहिल्या दिवशी लसणाच्या फोडणीची डाळ केली आणि मी पानावर बसून रडलो. डाळीसाठी नाही. गळती बघणाऱ्याचं नाक गेलं म्हणजे वाघ्याचा घसा गेला. मी साहेबांना जाऊन सरळ सांगितलं. ते भले माणूस. म्हणाले, "जाधव, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. हे यंत्र घ्या, ते तुमचं नाक." यंत्र चांगलं होतं. गॅस लागला की ते टीक टीक करायचं, जास्त लागला की किंचाळायचं. पण यंत्राला जिथे धराल तिथलंच कळतं. नाक न बोलावता सगळीकडे जातं. म्हणून मी प्रत्येक घरात विचारू लागलो, "तुमचं नाक काय म्हणतं? कुठे येतो, कधी येतो?" आधी मी लोकांना बोलू देत नसे. आता त्यांच्या नाकावरच माझी भाकरी होती.

त्या सुमारास किरणभाईंचा फोन आला. वाघोडिया रोडच्या बाजूला एक तीन मजली जुनी इमारत, तिच्या सोसायटीचे ते प्रमुख. गोड बोलणारा माणूस. म्हणाले, "गॅसनी तकलीफ नथी, जाधवभाई. तुम्ही येऊन फक्त एवढंच बघायचं, की गळती नाही."

असली तक्रार मी कधी ऐकली नव्हती. सकाळी तिथे गेल्यावर भानगड समजली. किरणभाईंच्या आई कांताबा तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच घरात. कडक वैष्णव. कांदा-लसूण घरात येणं सोडाच, त्याचं नाव निघालं तरी तोंड वळवणाऱ्या. घरात ठाकोरजींची सेवा, म्हणजे बाळकृष्णाची. त्याला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, झोपवायचं, उठवायचं, सगळं पोटच्या पोरासारखं. खालच्या, दुसऱ्या मजल्यावर कॅनडात राहणाऱ्या मालकाचा फ्लॅट. त्यात नवे भाडेकरू आलेले. जळगावकडचं मराठी जोडपं, त्यांची लहान मुलगी ओवी. नवरा वाघोडियाला कारखान्यात शिफ्टवर. आणि ते आल्यापासून बांच्या घरात लसणाचा वास.

"ए लोको लसण खाय छे," किरणभाई हळू आवाजात म्हणाले, जणू चोरीबद्दल बोलताहेत. "आम्ही एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिथली बाई म्हणते, बंद केलंय. वास तर येतोच! रविवारी सभासदांची मीटिंग आहे. तिथे कुणी म्हणेल गॅसचा वास असेल, म्हणून तुम्ही येऊन सांगा की गळती नाही. पछी अमे एमने प्रेमथी खाली करवा कहीशुं." प्रेमानं घर खाली करायला सांगणं आमच्याकडेच जमतं.

म्हणजे माझ्या एका 'नाही'वर एका कुटुंबाचं बिऱ्हाड उठणार होतं. आणि वास गॅसचा असला तर तिथे बिऱ्हाड उठण्याहून वाईट काही होणार होतं. मला दोन्हींची भीती वाटली.

कांताबा हिंचक्यावर झुलत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, डोळे तेज. मी यंत्र घेऊन त्यांच्या घरभर फिरलो. यंत्र गप्प. "बा, वास कधी येतो?" मी विचारलं.

"ठाकोरजीने जगाडुं ने, त्यारे ज," बा म्हणाल्या. ठाकोरजींना उठवते ना, तेव्हाच. "मंदिर उघाडुं ने वास! मारा लालाने एवा वासमां जगाडवाना?" त्यांचे डोळे भरून आले. मला आधी वाटलं होतं, ही खाष्ट म्हातारी असेल. तसं नव्हतं. ती खरीच दुखावली होती.

खाली गेलो, दार ठोठावलं. दार साखळीएवढंच उघडलं. आत अश्विनी, त्या भाडेकरूची बायको, तिशीही नसेल. गॅसचा माणूस म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मी मराठीत बोललो तेव्हा साखळी निघाली.

"आमच्याकडे कसलाच वास नाही हो काका," मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली.

स्वयंपाकघर चकचकीत. इतकं की तिथे कुणी रांधतं असं वाटू नये. भिंतीसुद्धा पुसलेल्या. ओट्यावर अगरबत्तीचं घर, त्यात तीन-चार काड्या धुमसत होत्या. बाल्कनी काचांनी बंद, पाइप प्लायवूडच्या पेटीत. मी शेगडी, नळी, पेटीच्या फटी, सगळीकडे यंत्र धरलं. गप्प.

"देव तर त्या खोलीत दिसतात," मी म्हटलं. "मग इथे अगरबत्ती?"

"प्रसन्न वाटतं," ती म्हणाली आणि ओवीचे केस विंचरू लागली. ओवीचे केस आधीच विंचरलेले होते.

मी किरणभाईंना सांगितलं, गळती सापडली नाही. ते खूश झाले. "नाही सापडली आणि नाही, यात फरक आहे," मी म्हटलं. "उद्या पहाटे परत येतो. बा ठाकोरजींना उठवतात तेव्हाच बघायला पाहिजे."

किरणभाईंनी माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं, पण माणूस सभ्य, म्हणाले, "जेवी तमारी मरजी."

दुसऱ्या दिवशी शनिवार. आमच्या घरी देव उठवायचा म्हणजे काकडआरतीची वेळ. मी दिवस उगवायच्या आधी तिथे हजर. बा स्नान करून सेवेला बसत होत्या. मला बघून चकित झाल्या, पण काही बोलल्या नाहीत, कारण सेवेच्या वेळी त्या बोलत नसत. मी बाहेरच्या खोलीत यंत्र घेऊन उभा. घंटी वाजली, देव उठले, यंत्र मेल्यासारखं पडून. खाली अश्विनीकडेही तेच. किरणभाईंनी घड्याळ बघितलं. आता त्यांचा गोडवा थोडा आटला होता. "जाधवभाई, बे वार जोई लीधुं, दोनदा बघून झालं. उद्या मीटिंगला या आणि सांगून टाका."

मी घरी आलो. जेवताना घास फिरेना. यंत्र म्हणतंय नाही. बांचं नाक म्हणतंय आहे. ती पोरगी म्हणतेय, कसलाच वास नाही. आणि माझं नाक, ज्यानं आयुष्यभर असल्या भांडणांचा निकाल क्षणात लावला, ते नुसतं चेहऱ्यावर बसलेलं. मी सुमनला सगळं सांगितलं.

"पण तुम्ही पहाटे कशाला गेलात?" सुमन म्हणाली.

"देव उठवतात तेव्हा वास येतो म्हणाल्या."

"अहो, त्यांचे ठाकोरजी दुपारीसुद्धा झोपतात! राजभोग, म्हणजे दुपारचा नैवेद्य, झाला की मंदिर बंद. दुपार उतरायला लागली की परत उठवतात. आपल्या मागच्या गल्लीतल्या सरोजबेनकडे मी किती वेळा बघितलंय. दुपारी बोलूसुद्धा देत नाहीत मोठ्यानं, लाला जागा होईल म्हणून."

मी हातातला घास खाली ठेवला. जन्म या गावात गेला आणि इथला देवही दुपारी झोपतो हे मला ठाऊक नव्हतं! मी बाहेर पाहिलं. गल्ली सामसूम. कुत्रीसुद्धा सावलीला आडवी. या वेळी गावात कुणाच्याही घरी फोडणी पडत नाही. भर दुपारी लसूण कोण परतेल?

बांना आणि किरणभाईंना वाटलं असेल, खालचा माणूस शिफ्टवाला, ते कधीही रांधत असतील. मला एकदम त्या काचा लावलेल्या बाल्कनीची दिशा आठवली. पश्चिम. दुपारनंतरचं सगळं ऊन तिथे.

मी किती जोरात स्कूटर हाणली ते सांगत नाही. डांबर मऊ झालं होतं, हँडलला हात लावू देत नव्हतं. जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलो, ठोठावलं. बा जाग्याच होत्या, पदर नाकाला लावून. "आवी गयो वास," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या बाल्कनीत, जिथे पाइप खालच्या स्लॅबमधून वर येतो त्या भोकाशी यंत्र नेलं. ते टीक टीक करायला लागलं. आणखी खाली वाकलो तर किंचाळलं.

मला वासाविना ऐकू आलेली ती पहिली गळती.

"बा, कशालाही हात लावू नका. बटण नाही, शेगडी नाही, ठाकोरजींचा दिवासुद्धा नाही. सगळ्या खिडक्या उघडा आणि खाली अंगणात जा." किरणभाई झोपेतून उठून येत होते, त्यांचा हात सवयीनं पंख्याच्या बटणाकडे चालला होता. मी असा ओरडलो की ते जागीच उभे राहिले.

पूर्ण इमारतीचा गॅस बंद करायची चावी तळमजल्यावर असते. मी जिना उतरू लागलो. पण दुसऱ्या मजल्यावर पाय अडला. ते अगरबत्तीचं घर आठवलं. प्रसन्न वाटतं म्हणे! मी अश्विनीच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

दार उघडलं. तिच्या एका हातात अगरबत्तीचा पुडा होता, दुसऱ्यात काडेपेटी. काडी बाहेर काढलेली.

"ती काडी खाली ठेव," मी म्हटलं. "बाळा, खाली ठेव आणि ओवीला घेऊन बाहेर ये."

"नाही काका, वास नाही, खरंच नाही," ती रडायलाच लागली. "मी लसूण आणतच नाही हो! एक पाकळीसुद्धा नाही घरात, हवं तर डबे उघडून बघा. आम्हांला काढू नका."

"अगं, कळलंय मला. तो लसूण नाही. गॅस आहे."

तिनं काडेपेटी माझ्या हातात दिली. तिची बोटं गार पडली होती, भर उन्हाळ्यात. ओवी आत झोपली होती. तिला उचलून ती जिना उतरली, आणि मी तिच्यामागून जाऊन चावी बंद केली. मग मी पायरीवरच बसलो.

घर मोकळं झाल्यावर, यंत्र पुन्हा गप्प झाल्यावर मी ती प्लायवूडची पेटी उपटली. आत सुतारानं लाकडी चौकट पाइपमागे पाचर मारून बसवली होती. त्यामुळे पाइपचा सांधा ताणलेला. सकाळी थंड असताना तो जेमतेम धरून राहायचा. दुपारी काचेतून ऊन आत आलं, लोखंड तापलं की सांधा केसभर सुटायचा. संध्याकाळी परत मिटायचा. पाचर काढून सांधा पुन्हा बांधला, गॅस सोडला आणि साबणाचं पाणी लावून बघितलं. आमची सगळ्यात जुनी आणि भरवशाची परीक्षा. गळत असेल तर फुगे येतात. एकही आला नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात पुन्हा लावून बघितलं, तेव्हा जिवात जीव आला.

पण त्या दुपारी मी सांधा बांधून खाली आलो तेव्हा अंगणात कडुलिंबाच्या झाडाखाली सगळे उभे होते. कांताबा ओवीच्या डोक्यावर पदर धरून उन्हापासून तिला झाकत होत्या. मी काय झालं ते सांगितलं. बांनी अश्विनीकडे पाहिलं.

"तने वास नहोतो आवतो?"

अश्विनी खाली बघत राहिली. मग म्हणाली, "येत होता. आल्यापासून येत होता, बा. आधी वाटलं, माझ्याच फोडणीचा राहतोय. म्हणून लसूण बंद केला. तरी येतोच. भिंती धुतल्या, पडदे धुतले. मग अगरबत्त्या लावायला लागले."

"तो कह्युं केम नहीं, छोकरी?"

"कुणाला सांगणार? माझ्या घरात लसणाचा वास येतो, असं?"

किरणभाई चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मला त्या पोरीचा राग आला नाही. गॅसचा वास नाकाशी आणि काडी हातात असताना ती घाबरत होती ते स्फोटाला नव्हे, घर जाण्याला. स्वस्त घर, उजेडाचं घर, मुलीची शाळा जवळ, ते हातचं जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं. ती काडी ओढली गेली असती तर दोन्ही मजले गेले असते. ठाकोरजींसकट.

रविवारच्या मीटिंगला मी गेलो. सांगायचं ते सांगितलं. घर खाली करायचा विषय कुणी काढला नाही. प्रत्येकानं आपापली पेटी उघडून दाखवायचं ठरलं. पुढचा आठवडा मी त्या इमारतीत प्लायवूड उपटत होतो, आणि प्रत्येक घरात मला चहा विचारला जात होता.

मग मी निवृत्त झालो. यंत्र परत केलं. वाटलं होतं, आता काळजी संपली. कसली संपतेय! पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी कांताबांचा फोन. "जाधवभाई, जल्दी आवो! पाछो ए ज वास!"

कामावरच्या पोरांना कळवा, असं सांगून मी स्वतःही निघालो. हातात फक्त साबणाचं पाणी. बा आणि अश्विनी दोघी ओवीला घेऊन अंगणात उभ्या. चावी बंद, खिडक्या सताड उघड्या. मी शिकवलेलं सगळं बरोबर केलं होतं. मी वर जाऊन हुंगलं, कशाला कोण जाणे. काहीच नाही. गळती असो, लसूण असो, मला दोन्ही सारखंच. कामावरची पोरं यंत्र घेऊन आली. यंत्र गप्प. मी तरी प्रत्येक सांध्याला साबण लावला. फुगा नाही. खाली आलो.

"अश्विनी," मी म्हटलं, "खरं सांग. लसूण टाकलास?"

तिनं आधी बांकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "ओवीला मेथीची भाजी हवी होती. आज पहिल्यांदाच टाकला. आणि टाकल्यावर मलाच कळेना, हा वास लसणाचा की त्याचा. म्हणून पटकन चावी बंद केली."

बांनी कपाळावर हात मारला. "तो बोलवानुं ने! हुं तो बीकथी मरी गई होत!" बोलायचं ना, मी तर भीतीनं मेले असते. मनाशी काही झगडा चालला असावा. मग म्हणाल्या, "नाखवुं होय तो नाख. पण नाखतां पहेलां बूम पाड. हुं बारी बंध करी दईश." टाकायचा तर टाक. पण टाकायच्या आधी हाक मार, मी खिडकी लावून घेईन. "ठाकोरजी ऊंघता होय त्यारे नहीं."

तेव्हापासून त्या इमारतीत तो रिवाज पडला. स्वयंपाकाच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरून हाक येते, "बा, लसूण टाकते!" वरून खिडकी धाडकन लागते आणि उत्तर येतं, "नाख, नाख!" हाक न देता वास आला तर काय करायचं ते आता त्या इमारतीत लहान पोरालाही ठाऊक आहे. आमच्या घरी सुमनही हल्ली फोडणीच्या आधी मला सांगते. मला लसणाचा वास येत नाही, पण आता तो ऐकू येतो.

तिकडे काही काम असलं की मी स्वयंपाकाच्या वेळेला त्या अंगणात लिंबाखाली स्कूटर उभी करतो. हाक आली, खिडकी लागली की निघतो. सुमन हसते. परवा मी उभा होतो आणि हाक आलीच नाही. बराच वेळ गेला. वर जाऊन दोन्ही दारं ठोठावली. कुणी उघडेना. दोन्हींच्या फटींना कान लावला. गॅसला आवाज नसतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक, तरी लावला. खाली जाऊन चावी बंद केली आणि जिन्यात बसून राहिलो.

मग खालून हसण्याचा आवाज आला. कांताबा ओवीचं बोट धरून चढत होत्या, मागून दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली अश्विनी. तिघी लहरीपुऱ्यात खरेदीला गेल्या होत्या आणि तिथेच काही खाऊन आल्या होत्या.

"काका, तुम्ही? काय झालं?"

"हाक आली नाही," मी म्हटलं.

अश्विनीला हसू आलं, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबलं. बांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बेसो भाई. चा मूकुं?"

मी हो म्हटलं. खाली जाऊन चावी सोडून आलो, आणि त्यांनी लायटरला हात घालायच्या आत खिडकी मीच उघडली.